काळी पाच

अंकुश हिवराळेला ओळखत नाही असा माणूस रबाळ्यात सापडायचा नाही. हळद असो, जयंती असो, नाहीतर नगरसेवकाच्या पुतण्याचा वाढदिवस, स्टेजच्या डाव्या अंगाला कीबोर्डमागं केस रंगवलेला, गोल चेहऱ्याचा जो माणूस मान डोलवत बसलेला असतो, तो अंकुश. वाजवतो म्हणावं तर वाजवतो. पण अर्ध्याहून जास्त वेळा गाणं लॅपटॉपवरच्या ट्रॅकमधून येत असतं आणि अंकुशराव नुसती वरवर बोटं फिरवत असतात. आता यात चोरी काही नाही, आजकाल सगळ्याच गायन पार्ट्या तसं करतात. पण लोकांना वाटतं हाच वाजवतोय, आणि लोकांना तसं वाटलेलं त्याला आवडतं. माणूस वाईट नाही हो. सोयीचा आहे, एवढंच.

मूळचे हे लोक परभणीकडचे. बाप एमआयडीसीतल्या एका कारखान्यात लागला आणि त्याच कारखान्यात लेथवर होते किसन मास्तर. मास्तर म्हणजे शाळेतले नव्हेत, पेटीचे. दिवसभर लोखंड कापायचे आणि संध्याकाळी अंगाचा तेलकट वास धुऊन विहारात पेटी घेऊन बसायचे. त्यांची गायन पार्टी होती. त्यांची बायको चांगुणाबाई गायची, बाबासो ढोलकीवर असायचे, आणि मास्तर स्वतः गाणी लिहायचे, चाली लावायचे. अंकुश त्यांचा पहिला चेला.

मास्तरांच्या पार्टीत एक रीत होती आणि ती मोडलेली त्यांना खपायची नाही. आता पेटी ज्याला ठाऊक नाही त्याला सांगायचं, तर प्रत्येक गाणाऱ्याचा गळा पेटीवरच्या एका ठरावीक पट्टीला लागतो. कुणाचा पांढरी एकला, कुणाचा काळी दोनला. चांगुणाबाईंचा काळी पाचला. गाणाऱ्यानं आपली पट्टी तोंडानं सांगायची नाही आणि पेटीवाल्यानं ती विचारायची नाही. गाणाऱ्यानं नुसता ‘आ’ लावायचा, पेटीवाल्यानं तो हुडकून साथ धरायची. आणि पेटीनं एकदा सूर दिला, की गाणाऱ्यानं चारचौघांत वाद न घालता तो उचलायचा. पट्टी बदलली की बोटांचे सगळे रस्ते बदलतात. म्हणून मास्तर पोरांकडून एकच चाल प्रत्येक पट्टीत घोटून घ्यायचे. काळी पाचला अंकुश रडकुंडीला यायचा. पण आली त्याला. चांगली आली होती.

मग दादरहून कीबोर्ड आला. त्याच्यावर एक बटण होतं. बोटं आपली पांढरी एकवरच ठेवायची, बटण दाबायचं, मशीन स्वतःच सगळे सूर वर नाहीतर खाली सरकवतं. गाणारा कुठल्याही पट्टीचा असो, अंकुशची बोटं त्याच एका रस्त्यानं जायची. एवढी सोय झाल्यावर कोण मरायला काळ्या पट्ट्या घोटत बसेल? पुढं घणसोलीच्या फ्लॅटमधल्या एका खोलीला त्यानं फोम चिकटवला, माइक टांगला आणि स्टुडिओ काढला. त्यात असं सॉफ्टवेअर होतं की बेसूर माणसाच्या आवाजाची स्क्रीनवरची रेघसुद्धा माउसनं ओढून सुरात आणता यायची. हळदीची गाणी म्हणणाऱ्या पोरांना तो सांगायचा, “तू फक्त तोंड उघड रे, बाकी टेन्शन माझं.”

मास्तर एकदाच त्या खोलीत आले होते. म्हणाले, “काळी पाचमध्ये वाजव बघू.” अंकुशनं बटण दाबलं आणि वाजवलं. मास्तर बटणाकडं बघत राहिले. “मशीन हुशार आहे तुझी,” एवढं म्हणाले आणि चहा पिऊन गेले. अंकुशनं ते कौतुक म्हणून घेतलं आणि कितीतरी जणांना सांगितलंही.

या हिवाळ्यात मास्तर गेले. विहारात पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम ठेवला. आपल्याकडं वंदना झाली, दोन शब्द झाले की गाणी होतात, आणि मास्तरांच्या मागं गाणी व्हायची नाहीत तर कुणाच्या? अंकुश गाडीतून कीबोर्ड काढायला निघाला, तेवढ्यात चांगुणाबाई म्हणाल्या, “लेकरा, ते करंटवालं नको आज. ह्यांचीच पेटी वाजव. मी ह्यांनी रमाईवर केलेलं गानं म्हनते.”

आता तो काय म्हणणार? थोरला चेला. “हो काकू” म्हणाला आणि फोटोपुढच्या सतरंजीवर पेटी ओढून बसला.

बसल्याबसल्या त्यानं झाकण उचलून आत बघितलं. हल्ली काही पेट्यांना पट्टी सरकवायची सोय असते. या पेटीला कुठली? मास्तरांची जुनी, साधी पेटी. भाता नुसता टेकवून, आवाज निघणार नाही असा, त्यानं काळी पाचवरून बोटं चालवून बघितली. पहिले दोन सूर सापडले. तिसऱ्याला बोट आपलं पांढरी एकच्या सवयीनं भलत्याच ठिकाणी जाऊन पडलं. पुन्हा केलं, पुन्हा तेच. हॉल भरलेला. मागं उभ्या लोकांनी मोबाइल वर धरलेले. बाबासोंची ढोलकी काळी पाचला लावून तयार. चांगुणाबाईंनी पदर सावरला आणि ‘आ’ लावायला श्वास घेतला.

आणि अंकुशनं काय करावं? त्यांचा ‘आ’ निघायच्या आत पांढरी एक दाबली. अख्खा भाता ओढून, दणक्यात.

चुकून नव्हे. बोट घसरलं वगैरे काही नाही. पेटीनं सूर दिला की गाणारा तो उचलतो, हे त्याला मास्तरांनीच शिकवलं होतं, आणि मास्तरांच्या फोटोपुढं बसून त्यानं तीच रीत स्वतःची अब्रू झाकायला वापरली.

बाबासोंचा हात ढोलकीवर थबकला. त्यांनी अंकुशकडं बघितलं. चांगुणाबाईंचं उघडलेलं तोंड क्षणभर मिटलं. मग त्यांनी मुकाट्यानं तो सूर उचलला. पांढरी एक म्हणजे त्यांच्या गळ्याला एक पूर्ण सूर वर. ध्रुवपद निभावलं. अंतऱ्याला चाल वर चढते, तिथं आवाज फाटला. त्या थांबल्या, खाकरल्या, पुन्हा चढल्या. पुन्हा फाटला, आणि या वेळी असा की पुढच्या रांगेतल्या बायकांनी खाली बघितलं. चांगुणाबाईंनी माइकपुढं हात जोडले. “वय झालं बाबांनो. गळा ऱ्हायला नाही आता.”

बायका रडायला लागल्या. कुणीतरी म्हणालं, मास्तर जाताना बाईंचा आवाजही घेऊन गेले. अंकुशनंही रुमाल काढून डोळे पुसले. रडू आलं म्हणून नव्हे, कुणाशी नजरानजर होऊ नये म्हणून. लोकांना वाटलं, बघा, चेल्याला किती लागलं. एका म्हातारबानं तर त्याच्या पाठीवरून हात फिरवला. तो हात त्याला दिवसभर पाठीवर जाणवत होता.

दुसऱ्या दिवशी तो व्हिडिओ वस्तीच्या ग्रुपवर फिरला. खाली हात जोडलेले, रडके चेहरे. अंकुशनंही हात जोडलेले टाकले. दुसरं काय टाकणार होता?

इथपर्यंत एक वेळ विसरून गेलाही असता. आपण सगळेच विसरतो. पण जयंती आली. विहार पत्र्याच्या शेडमध्ये होता तेव्हापासून जयंतीचं पहिलं गाणं चांगुणाबाईंचं. ते दुसऱ्या कुणी म्हटलेलं रबाळ्यानं ऐकलेलं नाही. मंडळाचा सेक्रेटरी धम्मपाल. आता खारघरला टॉवरमध्ये राहतो, पण मीटिंगला न चुकता येतो, माणूस कळवळ्याचा. त्यानं विषय काढला.

“काकूंना गाऊ नका म्हणणं बरं दिसत नाही. आणि गायला लावून पुन्हा तशी फजिती झाली तर? म्हणून मी काय म्हणतो, गाणं अंकुशच्या स्टुडिओत आधी रेकॉर्ड करू. तुझ्याकडं ते सूर सरळ करायचं सॉफ्टवेअर आहे ना रे?”

“आहे,” अंकुश म्हणाला.

“झालं तर मग. तू नीट बनवून दे. काकू स्टेजवर नुसते ओठ हलवतील. माइक बंद ठेवू. त्यांचा मान राहील, लोकांना गाणं मिळेल. बाकीची गाणी तुझ्या पार्टीतली सोनम म्हणेल.”

काकूंच्या गळ्याला काही झालेलं नाही, एवढं एक वाक्य बोलायचं होतं. पण त्याच्या पाठोपाठ दुसरं वाक्य आलंच असतं, मग त्या दिवशी काय झालं? अंकुशनं चहाचा कप तोंडाला लावला. कोपऱ्यातून बाबासो त्याच्याकडं बघत होते.

ठरल्या दिवशी दुपारी चांगुणाबाई रिक्षानं घणसोलीला आल्या. अंकुशची बायको शुभदा, तिनं चहा-पोहे केले, त्यांच्या पाया पडली. आत फोमच्या खोलीत बाई खुर्चीवर अवघडून बसल्या. हेडफोन कानाला लावून त्यांनी ‘आ’ लावला. अंकुशनं कीबोर्डवर बटण खाली खाली दाबत तो सूर गाठला. दोनच दाबात सापडला. चांगुणाबाई त्याच्या बोटाकडं बघत होत्या.

मग गायल्या. एका दमात, सबंध गाणं. अंतऱ्याला चाल चढली तसा आवाजही चढला आणि वर जाऊन निवांत उभा राहिला. स्क्रीनवर आवाजाची रेघ उमटत होती. हळदीवाल्या पोरांच्या रेघा म्हणजे पावसाळ्यातला रस्ता, इथं खड्डा, तिथं उंचवटा. ही रेघ मास्तरांनी चाल जिथं वळवली होती तिथंच वळत होती. ओढून सरळ करावं असं तिच्यात काही नव्हतं. अंकुशचा हात माउसवर नुसता पडून होता.

“काकू,” तो म्हणाला, “त्या दिवशी...”

“मला पैल्या सुरालाच कळलं व्हतं,” हेडफोन उतरवत त्या म्हणाल्या.

त्याची मान खाली गेली. “मग थांबायचं ना तुम्ही. थोबाडीत द्यायची माझ्या.”

“ह्यांच्या फोटोम्होरं?”

“मी सांगतो सगळ्यांना. धम्मपालला आत्ता फोन लावतो.”

“अजिबात नाही.” आवाज एकदम कडक झाला. “लोक तुला काय म्हनतील ते म्हनतील, त्याचं मला काई नाही. पर ते म्हनतील, किसन मास्तरचा थोरला चेला, आन् त्याला काळी पाच येत नाही. मंग मास्तरनी शिकवलं काय? त्यांनी काय माडी बांधली नाही, जिमीन ठिवली नाही. चांगलं शिकवायचे एवढंच लोकाच्या तोंडी ऱ्हायलंय. ते तरी ऱ्हाऊ दे. म्हातारीचा गळा गेला म्हनत्यात तर म्हनू दे. म्हाताऱ्यांचा जातोच. हो म्हन.”

“हो,” अंकुश म्हणाला.

त्या गेल्यावर त्यानं शुभदाला सगळं सांगितलं. तिनं ऐकून घेतलं. “म्हणजे तुमची लाज राखायला त्या माउलीनं आपला आवाज घालवला,” ती म्हणाली, “आणि तुम्ही हो म्हणून मोकळे झालात.” मग कपबशा उचलून आत गेली. दोन दिवस ती त्याच्याशी कामापुरतंच बोलली, आणि त्याला तेही जास्त वाटत होतं.

त्यानं गाणं धम्मपालला पाठवलं आणि खाली लिहिलं, ‘आवाजाला मी हात लावलेला नाही.’ लगेच उत्तर आलं, हसून लोळणाऱ्या चेहऱ्यांसकट. ‘मानलं तुला! काकूंचा आवाज आहे हे खरंच वाटत नाही.’ अंकुशनं पुन्हा लिहिलं, ‘सीरियसली, काही केलेलं नाही.’ त्यावर धम्मपालचा अंगठा आला. आता बोला!

जयंतीला विहारासमोर मांडव पडला. निळे झेंडे, निळ्या टोप्या, उन्हं उतरली तशी माणसांची ही गर्दी. स्टेजवर प्रतिमा, शेजारी मास्तरांचा फोटो, आणि फोटोपुढं त्यांची पेटी. ती चांगुणाबाईंनी हौसेनं पुसून आणून ठेवली होती. बाई पांढऱ्या साडीत माइकपुढं उभ्या राहिल्या. माइक बंद. अंकुशनं लॅपटॉपचं बटण दाबलं आणि गाणं सुरू झालं.

लोक हरखून गेले. पण बघत होते कुणाकडं? बाईंकडं नव्हे, अंकुशकडं. पहिल्या रांगेतून एकानं अंगठा दाखवला, कुणाला, तर याला. धम्मपाल वाकून कानाशी आला. “काय आवाज बनवलायस रे! विशीतली पोरगी वाटतेय. कमाल केलीस मशीनवर.”

त्या बाईचा खराखुरा आवाज, तिच्याच तोंडावर, याच्या मशीनच्या नावावर जमा होत होता आणि हा मान डोलवत बसला होता. त्यानं बाईंकडं बघितलं. अंतरा आला होता. त्यांच्या गळ्याच्या शिरा फुगल्या होत्या. त्या ओठ हलवत नव्हत्या. त्या गात होत्या, बंद माइकपुढं, सगळा जीव लावून. खोटं खोटं गाणं त्यांना कधी जमलंच नसतं. अंकुश अगदी जवळ बसलेला, म्हणून ट्रॅकच्या खालून तो आवाज त्याच्या एकट्याच्या कानावर येत होता.

त्यानं ट्रॅक बंद केला.

विचार करून केला असं मी म्हणणार नाही. हातानं केला. गाणं तुटलं, मांडवात सगळे दचकले, आणि पुढच्या दोन-तीन रांगांना बाईंचा उघडा आवाज ऐकू आला, त्याच सुरात, तितकाच वर. साउंडवाल्यानं धावत जाऊन माइक सुरू केला. मग तो आवाज रबाळे स्टेशनपर्यंत गेला असेल. मागून बाबासोंची ढोलकी खणखणत होती, ती पहिल्यापासून खरीच वाजत होती. गाणं संपलं तेव्हा लोक उभे राहून टाळ्या पिटत होते.

धम्मपालनं माइक घेतला. मनापासून खुश होता बिचारा. “काकू, आवाज तर जसाच्या तसा आहे तुमचा! मग त्या दिवशी काय झालं होतं?”

“सर्दी झाल्ती,” चांगुणाबाई म्हणाल्या, आणि त्यांनी अंकुशकडं डोळे वटारून बघितलं.

झालं, सुटला म्हणायचा. बाईंचा आवाज बाईंना मिळाला, मास्तरांचं नाव शाबूत, याचंही झाकलेलं. इथं सगळे घरी गेले असते तर यानं उरलेला जन्म असाच मान डोलवत काढला असता. पण धम्मपालला चेव आला होता. “मग आता मशीन-बिशीन काही नको! मास्तरांच्या पेटीवर, मास्तरांच्या थोरल्या चेल्याच्या साथीनं, काकूंचं आणखी एक गाणं! काय मंडळी?”

मंडळी ओरडली, हो! दोन कार्यकर्त्यांनी फोटोपुढची पेटी उचलून अंकुशपुढं ठेवली. कुणीतरी त्याच्या तोंडापाशी माइक लावला. चांगुणाबाईंचा चेहरा उतरला. त्या घाईघाईनं म्हणाल्या, “ऱ्हाऊ द्या आता, दम लागला,” पण त्या गलक्यात कोण ऐकतंय? लोक टाळ्यांचा ठेका धरून बसले होते.

अंकुशनं भाता उघडला. बाईंनी श्वास घेतला. याही वेळी त्यांच्या आधी पांढरी एक दाबता आली असती. त्याचं बोट तिच्यावर जाऊन टेकलंही होतं. आणि बाई काही न बोलता ती उचलणार होत्या, आवाज फाटेपर्यंत, हे त्याला त्यांच्या तोंडावर दिसत होतं.

त्यानं बोट काढलं. “मला येत नाही,” तो म्हणाला.

माइक सुरू होता. मांडवभर ऐकू गेलं. टाळ्या विस्कटत थांबल्या.

“काय येत नाही?” धम्मपाल हसत होता, त्याला थट्टा वाटली.

“काळी पाच. काकूंची पट्टी. त्या दिवशी पण आली नाही, म्हणून मी मुद्दाम दुसरी दिली. त्यांचा गळा त्याच्यानं फाटला. सर्दी नव्हती.”

मग मागून कुणीतरी, कोण ते कळलं नाही, मोठ्यानं विचारलं, “का रे, मास्तरांनी शिकवली नव्हती का तुला?”

चांगुणाबाईंनी डोळे मिटून घेतले.

“शिकवली होती,” अंकुश म्हणाला. त्याचा आवाज चिरकत होता आणि इथं तो सरळ करायला काही नव्हतं. “चांगली शिकवली होती. मला बटण मिळालं, मी विसरलो.”

कुणी त्याला शिवी दिली नाही. कुणी ‘जाऊ दे रे’ही म्हटलं नाही. धम्मपाल नुसताच माइकची वायर गुंडाळत राहिला. चांगुणाबाईंनी अंकुशकडं बघितलं नाही. त्यांनी बाबासोंना हातानं खूण केली आणि नुसत्या ढोलकीवर गाणं उचललं, काळी पाचमध्ये.

अंकुशला उठून जायची सोय नव्हती. पुढं सोनमची गाणी होती आणि तिचे सगळे ट्रॅक त्याच्याच लॅपटॉपमध्ये होते. तो मास्तरांच्या पेटीमागं, भाता उघडा टाकून, हात मांडीवर घेऊन बसून राहिला. बाई गात होत्या, आणि पहिल्या रांगेतल्या बायका त्यांचं गाणं ऐकता ऐकता मधूनच मान वळवून त्याच्याकडं बघत होत्या.